एक दिवसाआड

समुद्र इथून एका रात्रीच्या बसवर.
राजेंद्रनगरात, जिन्याखालच्या खोलीत
मी तो चौकोनांत कापून ठेवलाय:
चाळीस आडवे, साठ उभे,
प्रत्येकात एक तापमान, एक खारटपणा
आणि पोहणारे काही आकडे.

आकड्यांचं नाव पाला.
बाबा म्हणाले, पाला? कसला, मुळ्याचा?
मासा, बाबा. राहतो समुद्रात,
अंडी घालायला नर्मदेत येतो, उलटा, धारेवर.
म्हणजे बाळंतपणाला माहेरी, म्हणाले,
आणि पेपर उलटला.

मॉडेलात वर्ष अकरा सेकंदांचं.
अकरा सेकंदांत पूर, अंडी, मरण.
दर दशकाला पाणी थोडं तापवते मी,
दुधाखालचा गॅस वाढवावा तितक्या सहज,
आणि बघत बसते कोण टिकतं.

टिकतात ते लहान असतात.
दरवेळी. फासे बदलले तरी.
वीतभर असतानाच घाईघाईनं जाणते होतात,
चिमूटभर अंडी टाकतात, संपतात.
अहवालात याला अनुकूलन म्हणायचं.
रिसबूड सर स्क्रीनवर वाकून म्हणाले,
जात टिकली ना? झालं तर मग.

एक आकडा मात्र उसना आहे.
आईबापांचं पिल्लात किती उतरतं, तो.
पाल्यासाठी कुणी मोजलेला मला सापडला नाही.
उचललाय थंड पाण्यातल्या कुठल्याशा माशाकडून:
शून्य पूर्णांक तीन.
जरा हलवला की सत्तर वर्षांचं भविष्य
कलतं, काठोकाठ परातीसारखं.

भाडभूतहून छीतुभाई माछींची वही येते,
फोनवर, पान पान, कडेला त्यांचा अंगठा.
लांबी, वजन, तारीख, सगळं सरळ रेषेत.
खारटपणाच्या रकान्यात, यंत्र बिघडल्यापासून,
ते जिभेनं लिहितात:
खारुं. खारुं. बहु खारुं.
गेल्या मार्चात नुसतं: पहेलां आवुं नहोतुं.

हे कुठल्या एककात बसवू?
'बहु'ला तीस धरलं. मग अठ्ठावीस.
मग रकाना रिकामा सोडला,
तर मॉडेल तिथंच अडून बसलं,
रुसलेल्या बैलासारखं.

पहाटे साडेचारला नळ.
एक दिवसाआड येते नर्मदा आमच्याकडे,
जलूदहून पंपांनी डोंगर चढवलेली,
तीही उलटी.
"पाणी येऊन राहिलंय गं!" बाबा ओरडतात
आमच्या त्या मराठीत, जिला पुण्याची आत्या हसते.
कितव्या पिढीत सुरू झालं हे येऊन राहणं?
ठरवलं कुणीच नव्हतं.
जीभ लहान झाली का त्यात,
की नुसती वेगळी?
सरांना विचारायला हवं. नको.

टाकी भरते. बादल्या भरतात.
मग पाइप कुंड्यांकडे वळतो, मग जिन्यावर, उगाच.
मी पायरीवर पाय भिजवत बसते
मुखाशी न पोहोचणाऱ्या पाण्यात.
मॉडेलात ते आहेच, वजाबाकीत,
'वरचा वापर' नावाचा एक गोळा आकडा.
त्यात आमची टाकी. हजार लिटर.

ओल्या पायांनी आत गेले,
त्या आकड्यातून हजार लिटर बाजूला काढले,
त्यांची वेगळी ओळ लिहिली. नाव दिलं: घर.
चालवलं.
काही बदललं नाही.
चौथ्या दशांशापर्यंतसुद्धा नाही.
ओळ मी खोडली नाही.

अकरा सेकंद. आणखी अकरा.
बाहेर मोटर बंद होते.
स्क्रीनवर, नदीच्या तोंडाशी,
वीतभर आकडे येऊन थबकलेत,
चव घेतायत.